तेरवीचा मठ्ठा, पितळी गुंड अन् अर्ध्या तासात उलट्या : हे नेमकं कायनं झालं असंल?

पांदणवाला (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातलं गाव आहे, नाव मुद्दाम देत नाही, घरचेच लोक आहेत, बदनामी नको. मागच्या आठवड्यात एक तेरवी झाली अन् दुसऱ्या पंगतीतली बरीच माणसं हात धुवायला उठली ती तिकडंच मोरीपाशी ओकत बसली. बेत एकदम साधा, वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी आणि मठ्ठा. पहिल्या पंगतीले ढिम्म झालं नाही. भाजी तीच, वरण तेच, बुंदी एकाच टोपल्यातली. फरक फक्त मठ्ठ्याचा, पहिल्या पंगतीचा इस्टिलच्या टाकीतला होता, तो संपला म्हणून आतल्या खोलीत आदल्या रात्री पितळी गुंडात (पाण्याच्या मोठ्या भांड्यात) भरून ठेवलेला काढला, मीठ काळं मीठ रात्रीच टाकून ठेवलेलं, सकाळी घाई नको म्हणून. पोट्ट्यायले जास्त त्रास झाला कारण पोट्टे मठ्ठाच पीत होते. पीएचसीत नेलं, सलाईन लावल्या, संध्याकाळपर्यंत सगळे घरी, देवाच्या दयेनं कोणाले काही झालं नाही.

आता गावात तीन पार्ट्या आहेत. एक म्हणते दूधवाल्यानं दुधात काहीतरी टाकलं. दुसरी म्हणते मेलेल्या माणसाची इच्छा राहिली, कावळा बी उशिरा शिवला होता. तिसरी म्हणते कोणीतरी जाणूनबुजून केलं, अन् ते "कोणीतरी" म्हणजे भाऊबंदकीतलं कोण ते सगळ्यायले माहीत आहे असं तोंड करून बसतात. मी त्या गुंडात टॉर्च मारून पाह्यलं तर आतली कल्हई (कथलाचा थर) अर्धी उडालेली, बुडाशी पिवळं पितळ उघडं, आणि जिथपर्यंत मठ्ठा होता तिथं गोल हिरवट-निळी रेघ. बोट फिरवलं तर पावडरीसारखं निघालं. याच्यानं होऊ शकते का?

वऱ्हाडी_ठेचा
कायचं पितळ घेऊन बसला बे. आमचा आजा नव्वदीत गेला, जन्मभर पितळीत जेवला, तांब्यातलं पाणी पेला. आताच्या लोकायचे पोटंच नाजूक झाले. दही शिळं असंन, उन्हाळ्याचे दिवस, विषय संपला.

नर्सताई_यवतमाळ
ठेचा भाऊ, विषय नाही संपला 🙂 मी उपकेंद्रावर काम करते, असे पेशंट पाह्यले आहेत. पहिला प्रश्न नेहमी एकच विचारायचा, खाल्ल्यापासून उलटी किती वेळात झाली. अन्न नासून जंतू वाढले असले तर इतक्या लवकर नाही होत. स्टॅफिलोकोकसचं विष सगळ्यात घाईचं, त्यालेही साधारण १ ते ६ तास लागतात. मोठ्या गंजात (पातेल्यात) शिजवून तसंच कोमट ठेवलेल्या भाजी-मटणात जो क्लॉस्ट्रिडियम वाढते त्याचं तर ८ ते १६ तासांनी पोट दुखते अन् जुलाब लागतात, उलट्या कमीच. ताटावरून उठता उठता ओकाऱ्या, ताप नाही, तोंडात तुरट धातूसारखी चव, पोटात पिळ, असं असलं तर तांबं किंवा जस्त पोटात गेलं असा संशय घ्यायचा. पांदणवाला भाऊ, कोणाले चव विचारली का?

पांदणवाला
ताई विचारली. माझा चुलतभाऊ म्हणे "तोंडात रुपया ठेवल्यासारखं लागत होतं, मले वाटलं काळं मीठ जास्त झालं". आणि ताप एकालेही नव्हता. जुलाब दोघातिघायले लागले ते बी नंतर.

नर्सताई_यवतमाळ
मग बरंचसं तिकडंच बोट दाखवते. अर्थात तपासणी झाल्याशिवाय शंभर टक्के कोणी सांगू नये, मीही नाही. उरलेला मठ्ठा ठेवला का कोणी?

पांदणवाला
कुठचं ताई. उकिरड्यावर फेकला त्याच वेळी. गुंड बी दुसऱ्या दिवशी बायांनी चिंच लावून घासून लख्ख करून टाकला, मी फोटो काढला होता म्हणून बरं.

निवृत्त_मास्तर
या चिंचेतच उत्तर आहे. मी ३० वर्षांच्या वर विज्ञान शिकवलं आणि दर वर्षी हेच उदाहरण द्यायचो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवा-पाण्यानं त्यावर काळपट थर चढतो, चिंच लावली की आंबटामुळे तो विरघळून पाण्यात जातो आणि खालचं पितळ चमकतं. जे चिंच भांडं घासताना करते तेच ताक भांड्यात ठेवल्यावर करते. फरक एवढाच की घासलेलं पाणी आपण फेकून देतो आणि ताक पितो. ताकात लॅक्टिक आम्ल, वरून मीठ, मिठानं ही क्रिया आणखी जोरात होते, आणि रात्रभराचा अवधी. तुम्ही बघितलेली हिरवी-निळी रेघ म्हणजे तांब्याचे क्षार. त्याला आपल्याकडे कळंक म्हणतात. म्हणूनच जुन्या लोकांचं बोलणं, दही-ताक पितळीत "कळकलं".

वऱ्हाडी ठेचा, तुमचे आजोबा पितळीत जेवले यात खोटं काही नाही. पण तुमच्या आजीनं पितळीत ताक ठेवलं होतं का, ते विचारा. ताकाला मातीचा डेरा असायचा, लोणच्याला चिनी मातीची बरणी. आणि वर्षातून एकदा दारात कल्हईवाला येऊन बसायचा. भांडी राहिली, डेरा गेला, कल्हईवाला गेला.

वऱ्हाडी_ठेचा
मास्तर, डेऱ्याचं खरं आहे. आमच्या घरी आजी ताकाले पितळीचा हात लावू द्यायची नाही, आम्हाले वाटे सोवळ्याचं काही असंन. पण मंग तांब्यातलं पाणी चांगलं म्हणतात ते काय खोटं आहे का? आता तर हापिसात सगळे ती तांब्याची बाटली घेऊन फिरते.

निवृत्त_मास्तर
साध्या पाण्यात आम्ल नसतं म्हणून तांबं फार थोडं उतरतं, आणि तेवढ्यानं पाण्यातले काही जंतू मरतात हेही प्रयोगांत दिसलेलं आहे. पिण्याच्या पाण्यात तांब्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. आपल्या भारतीय मानकात त्याहून कडक, ०.०५, दुसरा स्रोत नसला तर १.५ पर्यंत चालतं. रात्री भरलेलं साधं पाणी सकाळी प्यायलं तर चिंता नाही. त्याच बाटलीत लिंबू पिळून, मीठ-साखर टाकून दिवसभर चालवली की तो मठ्ठ्याचाच भाऊ झाला.

पुण्यातला_वैदर्भी
धागा वाचत होतो, एक गोष्ट सांगाविशी वाटली. लहान मुलांच्या लिव्हरचा एक आजार होता, इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस, एक-दोन वर्षांची मुलं पोट फुगून, यकृत कडक होऊन दगावायची. पुण्यातल्या डॉक्टरांनी इंग्लंडच्या डॉक्टरांसोबत त्याच्यावर काम केलं आणि १९८३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की बाळाला लवकर वरचं दूध सुरू केलेलं आणि ते दूध पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेलं-ठेवलेलं, त्यातून तांबं यकृतात साचतं. म्हणजे दूध आंबट नसूनही. दुधातलं प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. पुढं घरोघरी स्टील आलं, लोकांना भांडं बदलायला सांगितलं, आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आता पितळी भांडी "परंपरा" म्हणून ऑनलाइन दामदुप्पट भावात परत येत आहेत, आणि त्यात बाळाच्या दुधाच्या वाट्यापण आहेत. ते बघून मला खरंच राग येतो.

गोंदियावाली
पण सरसकट पितळीले नावं ठेवू नका हो 😀 आमच्या बाजूचं भंडारा पितळेच्या भांड्यासाठीच ओळखलं जाते, कित्येक घरं त्याच्यावर जगली. कल्हई केलेल्या गंजातली तुरीची दाळ खाऊन पाहा मंग बोला.

पुण्यातला_वैदर्भी
मान्य वहिनी, मी पण "कल्हई केलेल्या" हेच म्हणतोय. कायद्यातपण तेच होतं, जुन्या अन्नभेसळीच्या नियमांत, नंतर २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही, नीट कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं, गंजलेला डबा, टवके उडालेलं एनॅमलचं भांडं, यातलं अन्न खाण्यास अयोग्य धरायचं.

बचतगट_मावशी
मी शाळेत खिचडी शिजवते, पोषण आहार. आमच्याकडं तेलाचे १५ किलोचे पिपे रिकामे झाले की लोक मागाले येतात, कोणी पीठ ठेवते, कोणी तिखट, कोणी त्याच्यातच पाणी भरते. जुना पिपा आतून गंजला असला तरी "धुतला ना" म्हणून चालवते. हे चालते का?

नर्सताई_यवतमाळ
मावशी, कोरडं धान्य स्वच्छ, न गंजलेल्या पिप्यात एखाद्यानं घरी ठेवलं तर कोणी मरत नाही. पण विकायचं अन्न एकदा वापरलेल्या पत्र्याच्या डब्यात परत भरायले मनाई आहे. तेल, लोणचं, चिंच, ताक त्याच्यात नको. आणि मला वेगळीच भीती वाटते, पिपा कशाचा होता ते ज्याले माहीत नाही त्याची. शाळेचं म्हणाल तर २०१३ चं बिहार आठवा.

कापूसकोंड्या
बिहारचं काय झालं होतं?

नर्सताई_यवतमाळ
सारण जिल्ह्यातली शाळा, १६ जुलै २०१३. पोषण आहारातली २३ लेकरं गेली. भाजी ज्या तेलात केली ते तेल मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या रिकाम्या कॅनमध्ये ठेवलं होतं असं निघालं. स्वयंपाकिणीनं तेलाचा वास अन् रंग वेगळा आहे असं सांगितलं होतं तरी तेच वापरायले लावलं. आपल्या कापसाच्या पट्ट्यात मोनो कोणाले माहीत नाही सांगा. २०१७ ला आपल्याच यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं बसली ते आपण पाह्यलं. तेव्हा सगळी चर्चा मास्क अन् पंपाची झाली, रिकाम्या डब्यायची कोणी केली नाही.

कापूसकोंड्या
खरं सांगतो ताई, आमच्या वावरात फवारणीच्या औषधाच्या ॲल्युमिनियमच्या बाटल्या लोक पाण्यासाठी नेतात. हलकी, चमकदार, झाकण घट्ट. सालदार म्हणते तीन पाण्यानं धुतली. अन् मोठा डबा असला तर कुटाराच्या घरात डिझेल, नंतर घासलेट, नंतर कोणाले तरी गोडं तेल आणाले. एका डब्याचे चार जन्म होतात.

निवृत्त_मास्तर
तीन पाण्यानं धुवायचं असतं ते पुन्हा वापरायला नाही. ते धुतलेलं पाणी फवारणीच्या पंपातच टाकायचं, मग डबा फोडून निकामी करायचा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत रिकामी पॅकिंग फोडून वस्तीपासून लांब पुरा असं लिहिलेलं आहे. डबा फोडणं हाच मुद्दा, म्हणजे कोणाच्या बापाला वापरता येऊ नये. सांध्यात, झाकणाच्या आट्यांत जे तेलकट औषध बसतं ते पाण्यानं निघत नाही.

नर्सताई_यवतमाळ
आणि लक्षणं वेगळी असतात हे लक्षात ठेवा, कारण उपचार वेगळा आहे. औषधाची विषबाधा असली तर नुसत्या उलट्या नाही, तोंडातून लाळ गळते, दरदरून घाम, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, श्वास घुरघुरते, अंग थडथडते. तिथं लिंबूपाणी-बिंबूपाणी करत बसू नका, १०८ बोलवा, डब्याचं लेबल सोबत न्या. ॲट्रोपिन वेळेवर लागलं तर माणूस वाचते.

वऱ्हाडी_ठेचा
अन् पितळीवाल्याले? आमच्याकडं लगेच मिठाचं पाणी पाजून आणखी ओकायले लावते.

नर्सताई_यवतमाळ
अजिबात नाही. पोट स्वतःच सगळं बाहेर टाकून राह्यलं असते, मिठाचं पाणी पाजून लेकराच्या अंगातलं मीठ भलतंच वाढते, ते जिवावर बेतू शकते. ओआरएसचे छोटे छोटे घोट द्या. उलट्या थांबत नसतील, रक्त किंवा हिरवी-निळी उलटी असंल, लघवी कमी झाली, एकदोन दिवसांनी डोळे पिवळे दिसले तर दवाखाना. आणि उरलेलं अन्न झाकून ठेवा, भांडं घासू नका. पांदणवाला भाऊच्या गावात चिंचेनं पुरावाच घासला 🙂

जुना_बिछायतवाला
माझं बिछायत केंद्र होतं, आता पोरगा पाहते. वीस गंज, झारे, कोपर, सगळं भाड्यानं जाते. हे प्रकार सगळ्यात जास्त होतात ते सरबतात. रामनवमी, हनुमान जयंती, मोहरमचं सरबत, भर उन्हात लोक पत्र्याचा जस्ती ड्रम आणते, त्याच्यात लिंबू पिळते, नाहीतर कैरीचं पन्हं करते, बर्फाची लादी टाकते, अन् दुपारपर्यंत वाटते. आम्ही ड्रम देताना ओरडून सांगायचो, पाणी भरा, आंबट भरू नका. ऐकते कोण. सरबताचा ड्रम परत आला की आतून चकचकीत पांढरा, जिथं जस्त खाल्लं गेलं तिथं.

जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) गंजाचं विचारतील म्हणून सांगतो, जर्मनमध्ये आंबाडीची भाजी, चिंचेचा सार शिजवून रात्रभर ठेवू नये, गंजाले बारीक खड्डे पडते, चव बिघडते. पण त्याच्यानं अशा लगेच उलट्या झालेल्या मी पाह्यल्या नाहीत. स्वस्तातले भंगार वितळवून केलेले गंज मात्र घेऊ नका, त्याच्यात काय काय वितळलं असते देव जाणे.

निवृत्त_मास्तर
जस्ताचं अगदी बरोबर. भंगाराच्या गंजात शिसं असू शकतं, ते लगेच कळत नाही, महिने-वर्षं साचत जातं. पोटात कळा, बद्धकोष्ठ, रक्त कमी, मूल अभ्यासात मागं. ओकारी परवडली म्हणायची, निदान ती सांगते तरी.

कढीगोळे
थोडं अवांतर. तुम्ही सगळे मठ्ठ्यावर लिहून राह्यले अन् मले कढीगोळे आठवून राह्यले. ज्या तेरवीले मठ्ठ्यात बुंदी टाकत नाही ती तेरवीच नाही.

गोंदियावाली
अवांतर बंद करा. कढी कशात करता ते सांगा आधी 😂

कढीगोळे
लोखंडी कढईत फोडणी, इस्टिलात कढी. पास झालो का?

बचतगट_मावशी
धान्याच्या कोठीचं पण बोला कोणी. पत्र्याच्या कोठीत गहू भरताना लोक ती सेल्फॉसची गोळी टाकते, अन् कोठी झोपायच्या खोलीतच.

नर्सताई_यवतमाळ
मावशी हा तर सगळ्यात वाईट प्रकार. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी, हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू निघते. कोठीचं झाकण काही हवाबंद नसते, बंद खोलीत झोपलेलं अख्खं घर त्यानं गेल्याच्या घटना देशात झालेल्या आहेत. त्याच्यावर उतारा नाही, ॲट्रोपिनसारखं काही देता येत नाही. घरात ती गोळी नकोच. उन्हात कडकडीत वाळवून कडुनिंबाचा पाला टाका, कोठी कोरडी ठेवा.

कल्हईचा_नातू
माझे आजोबा गावोगाव फिरून कल्हई करायचे, म्हणून लिहितो. भाता मारून कोळसा लाल करायचा, भांडं उलटंपालटं तापवायचं, नवसागर भुरभुरला की पांढरा धूर, त्यानं आतला सगळा मळ सुटते. मग कथलाची कांडी टेकवली की पाण्यासारखी वितळते, लगेच कापसाच्या बोळ्यानं सगळीकडं फिरवायची. कापूस आपला, वऱ्हाडातला, आजोबा म्हणत सरकी निघालेला लांब धाग्याचा पाहिजे, नाहीतर रेघा राहते.

आता फसवणूक कुठं होते ते सांगतो. कथील महाग. काही जण त्यात शिसं मिसळतात, झाळण्याची तार असते तीच वापरतात, ती आणखी लवकर वितळते, काम पटकन होते, चमक पण येते. खात्री करायची तर कल्हईवाल्याले कांडी मागा अन् कानाजवळ धरून वाकवा. शुद्ध कथील वाकताना करकर आवाज करते. शिसं मुकाट वाकते. आजोबा गिऱ्हाइकाले स्वतःच वाकवून दाखवायचे, त्याच्यावर त्यायचं नाव होतं.

अजून एक. कथील २३२ डिग्रीले वितळते. कल्हईच्या भांड्यात तेल धूर निघेपर्यंत तापवून फोडणी दिली, की रिकामं चुलीवर राह्यलं, की कल्हई गोळा होऊन बुडाशी येते. लोक म्हणते कल्हईवाल्यानं फसवलं. फोडणी वेगळ्या कढईत करा अन् वरून टाका.

पांदणवाला
लय माहिती मिळाली, सगळ्यायचे आभार. काल त्या घरी गेलतो. दूधवाल्याचं दूध बंद केलं होतं लोकायनी, त्याले बोलावून समोरासमोर बसवलं अन् पंगतीचा हिशोब सांगितला, की त्याच्याच दुधाचं ताक पहिल्या पंगतीनं पेलं अन् ते ठणठणीत आहे. फोटो दाखवला. बुढीले पटलं, कारण तिच्या सासूनं बी ताक पितळीत ठेवू दिलं नव्हतं म्हणे. कोथिंबीर अन् हिरवी मिरची वाटून टाकली होती म्हणून मठ्ठ्याचा रंग कोणाच्या ध्यानात आला नाही, हे तिनंच सांगितलं. भाऊबंदकीवाली पार्टी मात्र अजून तशीच आहे, त्यायले फोटोनं काही फरक पडत नाही.

गुंड मोडीत द्यायले बुढी तयार नाही, लग्नात माहेरून आलेला आहे. पाणी भराले ठेवते म्हणे. मी म्हटलं कल्हई करून देतो. नातू भाऊ, कोणी चांगला कल्हईवाला दारव्हा-दिग्रसकडं येते का? अन् भाव वजनावर घेते का नगावर?

कल्हईचा_नातू
नगावर, आकार पाहून. गुंडाचं तोंड अरुंद असते, आतून बोळा फिरवाले त्रास होते, म्हणून थोडे जास्त मागंल, घासाघीस करजो. आठवडी बाजारात भांडेवाल्याजवळ विचार, त्यायले सगळे ठाऊक असते. अंगणातच करून घे, नवसागराचा धूर छातीत जाते, पोट्टे दूर ठेवजो. अन् कांडी वाकवल्याशिवाय पैसे देजो नको.